एलडीएल 114, बारीक अंगकाठी, वडिलांना 51 व्या वर्षी अटॅक: आपल्या लोकांचे रक्ताचे रिपोर्ट वेगळे वाचायचे का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही न्यू जर्सीत, वय 42, सिगारेट नाही, बीपी ठीक, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 23.4, कंबर 94 सेंमी. टोटल कोलेस्टेरॉल 188, ट्रायग्लिसराईड (रक्तातली चरबी) 190, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) 36, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 114, उपाशीपोटी साखर 97, एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर) 5.9. वडिलांना नाशिकला 51 व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. तुमच्या न्यू जर्सीच्या डॉक्टरांनी कॅल्क्युलेटरमधे आकडे टाकले, पुढच्या दहा वर्षांची अटॅक-स्ट्रोकची रिस्क 2 टक्के आली, "काळजी नको" म्हणून सोडलं. इकडे भाऊ म्हणतोय नव्वद टेस्टचं पॅकेज करून टाक. आणि तुम्ही विचारताय की भारतीयांसाठी नॉर्मल रेंज वेगळी असते का आणि नक्की कुठल्या टेस्ट करायच्या.

मी पुण्यात मेडिसिनची प्रॅक्टिस करतो, हृदयरोग व्हायच्या आधीचे पेशंट बघण्यात बरीच वर्षं गेली, आणि तुमच्यासारखा रिपोर्ट माझ्याकडे जवळजवळ रोज येतो. तुमचा रिपोर्ट "ठीक" नाहीये. घाबरण्यासारखा नाही, पण ठीकही नाही. आणि नव्वद टेस्टची गरज अजिबात नाही, दोन मुख्य टेस्ट आणि जोडीला दोन साध्या पुरतील.

आधी कॅल्क्युलेटरचं बघू. अमेरिकेत दहा वर्षं वापरात असलेली 2013 ची इक्वेशन्स आहेत त्यात वंश विचारतात तेव्हा गोरे आणि आफ्रिकन-अमेरिकन एवढेच दोन खरे पर्याय, बाकी सगळे "इतर", आणि "इतर" निवडलं की गणित गोऱ्यांचंच होतं. हे मुद्दाम कोणी केलेलं नाही, ज्या लोकांना वर्षानुवर्षं फॉलो केलं त्यांच्यावरूनच गणित बसवता येतं. फ्रेमिंगहॅमचा अभ्यास 1948 ला सुरू झाला तो मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावातल्या गोऱ्या लोकांवर. मग 2000 साली मेसा नावाचा मोठा अभ्यास आला, 6814 लोक, त्यात गोरे, ब्लॅक, हिस्पॅनिक आणि चायनीज होते, आपले लोक नव्हतेच. त्यासाठी 2010 मधे सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागोत मसाला नावाचा वेगळा अभ्यास काढावा लागला, सुरुवातीला 906 साऊथ एशियन लोक घेऊन. म्हणजे तुमच्यासारख्या माणसाची अमेरिकेतली माहिती गोळा व्हायलाच आत्ता कुठे सुरुवात झालीय. ब्रिटनचं क्यूरिस्क त्यामानाने बरं, त्यात इंडियन, पाकिस्तानी, बांगलादेशी असे वेगवेगळे पर्याय आहेत आणि तिघांची रिस्क सारखी येत नाही. अमेरिकेने 2023 मधे जी नवी प्रिव्हेंट इक्वेशन्स आणली त्यात वंश काढूनच टाकलाय. तो निर्णय मला पटतो, कारण वंश ही काही रक्तातली गोष्ट नाही, पण मग त्या माणसाचा घरचा इतिहास आणि जादा टेस्ट डॉक्टरने स्वतःहून बघायला पाहिजेत, नाहीतर तुमच्यासारखे लोक 2 टक्क्यात निसटतात. 2018 च्या अमेरिकन गाईडलाईनमधेच लिहिलंय की साऊथ एशियन असणं आणि वडिलांना किंवा भावाला 55 च्या आत हृदयरोग होणं हे दोन्ही रिस्क वाढवणारे मुद्दे धरायचे. तुमच्याकडे दोन्ही आहेत.

आणि हे काही कागदावरचं नाही. इंटरहार्ट नावाचा 52 देशांतला अभ्यास 2004 मधे आला, डॉ. सलीम युसूफ यांचा, त्यातल्या साऊथ एशियन लोकांचं वेगळं विश्लेषण 2007 मधे छापलं, पहिल्या अटॅकचं सरासरी वय आपल्याकडे 53 आणि बाकी जगात 58.8. जवळजवळ सहा वर्षं आधी. त्याच अभ्यासात हेही निघालं की कारणं वेगळी नाहीत, तीच नऊ कारणं सगळ्या देशांत बहुतेक अटॅक समजावून सांगतात, आपल्याकडे ती लवकर येऊन बसतात एवढंच. हे लक्षात ठेवा कारण "आपल्या जीन्समधेच आहे, काय करणार" असं म्हणून गप्प बसणारे खूप भेटतात.

आता नॉर्मल रेंज. वंशागणिक फरक म्हणतात तेव्हा लोक तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. एक, आकडाच वेगळा असतो पण तेवढ्या आकड्याचा धोका सगळ्यांना जवळपास सारखा. दुसरी, आकडा वेगळा येतो पण त्यामागचा आजार तेवढाच असतो, म्हणजे मोजणारी टेस्टच त्या गटात थोडी फसवते. आणि तिसरी, आकडा सारखा दिसतो पण त्याच्या जोडीला जे येतं ते वेगळं. तिन्हीला उपाय वेगळे आहेत म्हणून हे वेगळं करणं गरजेचं.

पहिल्या प्रकारचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे लायपोप्रोटीन ए, आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची टेस्टही तीच, त्यामुळे इथे जरा थांबतो. 1963 मधे नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी हे शोधलं. एलडीएलचाच कण असतो, त्याच्या एपोबी प्रोटीनला एपो-ए नावाचं एक लांब प्रोटीन चिकटलेलं असतं. ते प्रोटीन ज्या जीनमधून बनतं, सहा नंबरच्या क्रोमोसोमवर, त्यात एक तुकडा परत परत येतो, कोणात थोड्या वेळा तर कोणात चाळीसच्या आसपास, आणि गंमत अशी की तुकडे जितके कमी तितकं प्रोटीन लहान, लिव्हरला बनवायला सोपं, आणि रक्तातलं प्रमाण जास्त. त्यामुळे हा आकडा बहुतेक जन्मानेच ठरतो, डाएट, चालणं, योगा कशानेही फारसा हलत नाही, आणि नेहमीच्या लिपिड प्रोफाईलमधे तो दिसत नाही. जे त्यातलं कोलेस्टेरॉल आहे ते एलडीएलच्या आकड्यात मिसळून जातं.

आता गटागटांत किती फरक ते बघा. यूके बायोबँकच्या साडेचार लाखांहून जास्त लोकांचं विश्लेषण 2021 मधे आलं, त्यात मधला आकडा चायनीज लोकांत 16 नॅनोमोल (दर लिटरमागे), गोऱ्यांत 19, साऊथ एशियन लोकांत 31 आणि ब्लॅक लोकांत 75. म्हणजे चायनीज आणि ब्लॅक यांच्यात चौपटीपेक्षा जास्त फरक. पण प्रत्येक 50 नॅनोमोलमागे रिस्क किती वाढते ते बघितलं तर गटागटांत मोठा फरक सापडला नाही. याचा अर्थ ब्लॅक लोकांसाठी "तुमच्यात जास्तच असतं, नॉर्मल आहे" असं म्हणून वेगळी रेंज छापली तर ती चूक होईल. गटात कॉमन असणं आणि निरुपद्रवी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बीपी आपल्या आळीत निम्म्या लोकांचं वाढलेलं असलं म्हणून ते नॉर्मल होत नाही ना.

तरी सगळे अभ्यास एकाच सुरात बोलतात असं नाही. इंटरहार्टच्याच लोकांमधे लायपोप्रोटीन ए मोजून 2019 मधे जे छापलं त्यात 50 मिलिग्रॅमच्या (हे दुसरं युनिट, पुढे सांगतो) वरच्या आकड्याचा अटॅकशी संबंध साऊथ एशियन लोकांत सगळ्यात ठळक निघाला, धोका दुपटीच्या आसपास, आणि आफ्रिकन व अरब गटांत मात्र स्पष्ट संबंध दिसला नाही. मला वाटतं आफ्रिकन लोकांबद्दल शेवटचा शब्द अजून यायचाय, पण आपल्या लोकांबद्दल दोन्ही अभ्यास एकाच बाजूला बोट दाखवतात, आकडाही बऱ्यापैकी वर आणि नुकसानही खरं. आपल्याकडे साधारण चारातल्या एकाचा 50 मिलिग्रॅमच्या वर असतो असं धरून चालतात, आणि 2024 मधे कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने ज्या गाईडलाईन काढल्या त्यात प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी ही टेस्ट करावी असं सांगितलंय. माझ्या ओपीडीत चाळीशीच्या आत अटॅक आलेला, बारीक, बिनसिगारेटचा माणूस आला की मी सगळ्यात आधी हेच मागवतो.

रिपोर्ट हातात आला की युनिट बघा. काही लॅब मिलिग्रॅममधे देतात, काही नॅनोमोलमधे, आणि दोघांत पक्कं रूपांतर होत नाही कारण प्रत्येकाच्या प्रोटीनचा आकारच वेगळा, त्यामुळे ऑनलाइन कन्व्हर्टर वापरू नका. 50 मिलिग्रॅम किंवा 125 नॅनोमोल, याच्या वर गेलं की रिस्क वाढलेली धरायची. शक्य असेल तर नॅनोमोल देणारी लॅब बघा.

आता तिसरा प्रकार, कारण तुमचा सध्याचा रिपोर्ट त्यातलाच आहे. एलडीएल 114 वाचून कोणीही म्हणेल बरा आहे. पण शेजारी ट्रायग्लिसराईड 190 आणि एचडीएल 36 आहे, ही जोडी म्हणजे आपल्या लोकांची सहीच म्हणा. या जोडीत एलडीएलचे कण लहान आणि दाट होतात, एका कणात कोलेस्टेरॉल कमी, म्हणून तेवढंच कोलेस्टेरॉल वाहायला कण जास्त लागतात. धमनीच्या भिंतीत घुसतो तो कण, त्यामुळे कण किती ते महत्त्वाचं, आणि एलडीएलचा आकडा सांगतो फक्त आतलं कोलेस्टेरॉल. एपोबी टेस्ट हेच मोजते, कारण प्रत्येक घातक कणावर एपोबीचा एकच रेणू असतो, एक कण एक एपोबी. इंटरहार्टमधेही एपोबी आणि एपोएवन (एचडीएलवरचं प्रोटीन) यांचं गुणोत्तर हे अटॅकशी सगळ्यात जोरात जोडलेलं निघालं. शिवाय तुमचा 114 हा बहुतेक मोजलेला नसून काढलेला आहे, 1972 च्या फ्रीडवाल्ड फॉर्म्युल्याने, टोटलमधून एचडीएल वजा, ट्रायग्लिसराईडचा पाचवा भाग वजा, 188 वजा 36 वजा 38. ट्रायग्लिसराईड 400 च्या वर गेलं की हा फॉर्म्युला चालतच नाही, आणि त्याच्या खालीही ट्रायग्लिसराईड जास्त आणि एलडीएल कमी अशा माणसात एलडीएल खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. एपोबी लगेच करता आली नाही तर निदान टोटलमधून एचडीएल वजा करा, तुमचं 152 येतं, नॉन-एचडीएल म्हणतात त्याला, फुकटात मिळणारा आकडा आहे आणि एलडीएलपेक्षा बरंच जास्त सांगतो. कार्डिओलॉजिकल सोसायटीच्या त्याच गाईडलाईनप्रमाणे साध्या माणसाचंही नॉन-एचडीएल 130 च्या आत हवं.

कंबर विसरू नका. अमेरिकन पुरुषाला 102 सेंमीपर्यंत चालवून घेतात, साऊथ एशियन पुरुषाची सीमा 90 आहे. कंबर, बीपी, साखर, ट्रायग्लिसराईड, एचडीएल या पाचातल्या तीन गोष्टी बिघडल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. 102 लावली तर तुमचे त्याचे दोनच निकष भरतात, ट्रायग्लिसराईड आणि एचडीएल, म्हणून नाव लागत नाही. 90 लावली की तीन भरले आणि तुम्ही त्यात बसलात, रक्त तेच आणि माणूसही तोच. बीएमआयचंही तसंच, आशियाई लोकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2004 मधेच 23 पासून सावध व्हा म्हणून सांगितलंय. यामागचं काम मोठ्या प्रमाणात आपल्या पुण्यात झालंय याचा मला फार अभिमान आहे. केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993 पासून पुण्याजवळच्या गावांमधल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास चालवला आणि दाखवलं की आपलं बाळ जन्मतःच वजनाने कमी पण चरबीने त्यामानाने जास्त असतं. 2004 मधे लॅन्सेटमधे त्यांनी स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचा फोटो छापला होता, दोघांचा बीएमआय 22.3, पण चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. तुमच्या बारीक अंगकाठीवर कोणी जाऊ नये ते एवढ्यासाठी.

दुसरा प्रकार, टेस्टच फसवते तो. ट्रायग्लिसराईड ब्लॅक लोकांत इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही ती अवस्था) असूनही बऱ्याचदा नॉर्मल असतं, त्यामुळे तुमच्यात जो आकडा धोक्याची घंटा वाजवतो तो त्यांच्यात गप्प राहतो आणि मेटाबॉलिक सिंड्रोम कमी मोजला जातो. हार्ट फेल्युअर ओळखायची एनटी-प्रोबीएनपी ही टेस्ट त्यांच्यात कमी येते, आणि जाडेपणातही कमी येते, कुठल्याही वंशाचा माणूस असो. एचबीएवनसी उलट, तेवढ्याच साखरेला ब्लॅक लोकांत साधारण 0.4 ने जास्त येतं. पण सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा एक जीन असलेल्या माणसात कमी येतं.

इथे आपल्या घरचाही मुद्दा आहे. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट या पट्ट्यात सिकल भरपूर, सिंधी आणि लोहाणा समाजात थॅलेसेमिया मायनर भरपूर, आणि आयर्न कमी असलेल्या बायका तर घरोघरी, आयर्न कमी असलं की एचबीएवनसी खोटं वर जातं. त्यामुळे हिमोग्लोबिन न बघता एचबीएवनसी वाचायचं नाही. तुमचं हिमोग्लोबिन प्रश्नात लिहिलेलं नाही, ते ठीक असेल तर 5.9 म्हणजे प्रीडायबेटिस, उपाशीपोटी 97 आली तरी. आपल्याकडे जेवणानंतरची साखर आधी बिघडलेली असते बऱ्याच जणांची, ती एकदा बघून घ्या.

आता सीआरपी, शरीरातली सूज दाखवणारी टेस्ट, त्यातली हाय सेन्सिटिव्ह वाली. 2008 च्या ज्युपिटर ट्रायलनंतर खूप गाजली, 17802 लोक, एलडीएल 130 च्या खाली पण सीआरपी 2 किंवा जास्त, रोसुव्हास्टॅटिनने (स्टॅटिन गटातली कोलेस्टेरॉलची गोळी) अटॅक आणि स्ट्रोक कमी झाले. जपानी, चायनीज लोकांत ही टेस्ट कमी येते, ब्लॅक लोकांत आणि बायकांत जास्त. लंडनमधल्या भारतीय लोकांत गोऱ्यांपेक्षा जास्त आली होती पण पोटाची चरबी आणि इन्सुलिन रेझिस्टन्स हिशोबात धरल्यावर तो फरक निघून गेला, म्हणजे वंश नव्हे, पोट. पुण्यात पावसाळ्यात ताप येऊन गेलेला, दाताला सूज असलेला माणूस सीआरपी करून येतो आणि घाबरतो, 10 च्या वर आली तर दोन-तीन आठवड्यांनी परत करायची एवढंच. तुमच्यात मी ती आत्ता मागणार नाही, तिच्यामुळे माझा निर्णय बदलणार नाही.

होमोसिस्टीनवर (रक्तातलं एक अमिनो आम्ल) थोडं बोलतो कारण भावाच्या पॅकेजमधे ते नक्की असणार आणि ते लाल रंगात छापून येणार हे मी आत्ताच सांगू शकतो. याज्ञिकांच्याच टीमने पुण्यातल्या मध्यमवयीन पुरुषांचं 2006 मधे छापलं, 67 टक्क्यांचं बीट्वेल्व्ह कमी आणि 58 टक्क्यांचं होमोसिस्टीन वाढलेलं. शाकाहार हे मोठं कारण. मग लोक हृदयासाठी गोळ्या सुरू करतात. पण त्याच वर्षी होप-टू आणि नॉर्व्हिट या दोन ट्रायल आल्या, व्हिटॅमिन देऊन होमोसिस्टीन छान उतरलं आणि हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत. बीट्वेल्व्ह कमी असेल तर जरूर घ्या, नसांसाठी, रक्तासाठी, हातापायाच्या मुंग्यांसाठी, हृदयाचं संरक्षण झालं असं समजून स्टॅटिन टाळू नका. एचडीएल वाढवण्याच्या मागे लागायचंही तसंच. नायसिनने (बी-थ्री व्हिटॅमिन) एचडीएल वाढलं आणि लायपोप्रोटीन ए कमीही झालं, तरी 2011 आणि 2014 च्या दोन मोठ्या ट्रायलमधे फायदा निघाला नाही, वर दुसऱ्या ट्रायलमधे चायनीज लोकांना स्नायूंचा त्रास युरोपियन लोकांपेक्षा बराच जास्त झाला. जीन टेस्ट करून जो रिस्क स्कोअर विकतात तोही आपल्यासाठी अजून कच्चा आहे, बहुतेक युरोपियन लोकांवर बनवलेला आणि दुसऱ्या गटात गेला की अचूकता घसरते.

याच वंशाच्या फरकातून जगाला मिळालेली एक फार मोलाची गोष्टही सांगायला हवी. डॅलसमधे कोहेन आणि हॉब्स यांनी ब्लॅक लोकांमधे पीसीएसके9 या एलडीएल वाढवणाऱ्या जीनचे बंद पडलेले प्रकार शोधले, 2.6 टक्के लोकांत होते. त्यांचं एलडीएल 28 टक्क्यांनी कमी आणि हृदयरोग 88 टक्क्यांनी कमी, 2006 मधे छापलं. आज जी महागडी पीसीएसके9 इंजेक्शनं सगळ्या वंशांच्या पेशंटना दिली जातात ती यातून उभी राहिली. एका गटाचं रक्त नीट बघितलं म्हणून सगळ्यांचा फायदा झाला, आणि आपल्या लोकांचं रक्त अजून तितकं नीट बघितलं गेलेलं नाही याची मला खरंच खंत वाटते.

तर तुम्ही काय करायचं. लायपोप्रोटीन ए एकदा, एपोबी एकदा, जोडीला हिमोग्लोबिन आणि जेवणानंतरची साखर. उपाशी राहायची गरज पहिल्या तिघांना नाही. एपोबी 130 च्या वर आलं तर अमेरिकन गाईडलाईनही ते रिस्क वाढवणारं धरते, युरोपियन गाईडलाईन मध्यम रिस्कला 100 च्या आत, हाय रिस्कला 80 च्या आत मागते, तुम्हाला दुसऱ्या आकड्याच्या जवळ बघायला मला आवडेल. लायपोप्रोटीन ए वाढलेलं निघालं तर ते कमी करायला सध्या स्टॅटिनचा उपयोग नाही, कधीकधी किंचित वाढतंच, पण म्हणूनच बाकीचं सगळं जास्त कडक करायचं, एलडीएल 70 च्या आत आणायचं. पेलाकार्सन, ओल्पासिरन अशी खास औषधं त्यासाठी तयार झालीत, लिव्हरमधे ते प्रोटीन बनायचा निरोपच अडवतात, त्यांच्या मोठ्या ट्रायल घेतल्या गेल्यात. त्यांची वाट बघत थांबून राहू नका. दोन्ही टेस्ट चांगल्या आल्या तर तीन-चार महिने कंबर कमी करण्याला द्या, भात-पोळी-साखर निम्म्यावर, रोज चालणं आणि आठवड्यातून दोनदा वजनं, ट्रायग्लिसराईड यालाच सगळ्यात लवकर ऐकतं. मग परत लिपिड. अजून निर्णय होत नसेल तर सीटी कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या धमन्यांत साठलेलं कॅल्शियम मोजणारा स्कॅन) करता येईल, फक्त तुमच्या वयाला तो शून्य आला म्हणून निर्धास्त होता येत नाही.

तिथल्या डॉक्टरांनी रोसुव्हास्टॅटिन सुरू करायचं ठरवलं तर त्यांना एक आठवण करून द्या, अमेरिकेतल्या औषधाच्या लेबलवरच आहे, आशियाई लोकांच्या रक्तात, भारतीय धरून, हे औषध साधारण दुप्पट चढतं म्हणून सुरुवात 5 मिलिग्रॅमने. आपल्याला 5 किंवा 10 मधेच बऱ्याच जणांचं काम होतं.

आणि तुमचं लायपोप्रोटीन ए वाढलेलं आलं तर नाशिकच्या भावाला नव्वदऐवजी ही एकच टेस्ट करायला सांगा, त्याच्यातही निघायची शक्यता निम्म्याच्या आसपास आहे. वडिलांची केली नसेल तर त्यांचीही करा, त्यांच्या औषधांचं टार्गेट त्यावरून कडक करावं लागेल. मुलांची घाई नाही, पण त्यांच्या फाईलमधे लिहून ठेवा. रिपोर्ट आले की युनिटसकट इथेच टाका, बघून सांगतो.